पेरूच्या बागेत फळमाशीसाठी सिट्रोनेला नि लवंगेचं तेल फवारलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की दिंडोरीकडे पेरू आहे, पावसाळी फळात अळ्या निघतायत आणि कोणीतरी सिट्रोनेला नि लवंग तेल पाण्यात मिसळून मारायला सांगितलंय. माझाही पेरू आहे मखमलाबादला, थोडाच आहे, पण फळमाशीला थोडाही पुरतो. फवारणीत पैसे घालू नका, स्पष्टच सांगतो. ही तेलं भुर्रकन उडून जातात, त्यात आपल्याकडे पावसाची रिपरिप सुरू असली की वाससुद्धा टिकत नाही, आणि टिकावा म्हणून डोस वाढवला तर कोवळी पानं करपतात. शिवाय माशी अंडी सालीच्या आत घालते, अळी गरात वाढते, तिथं तेल पोचणार कसं? डंख मारलेला पेरू हातात घेऊन बघा, सुईच्या टोकाएवढा ठिपका असतो, तेवढ्याच जागी मऊ लागतो, आणि फोडला की मोठ्या अळ्या चक्क उड्या मारतात.

आणि गंमत म्हणजे ज्या सिट्रोनेलानं माशी पळते म्हणतात त्याच्याबद्दल बिहारमधल्या पुसा इथल्या हॉवलेट नावाच्या साहेबानं १९१२ सालीच उलटं लिहून ठेवलंय, की त्या तेलाच्या वासावर फळमाश्या जमतात, त्याही सगळ्या नर. हे काम त्या तेलातल्या मिथाइल युजेनॉल नावाच्या वासाच्या घटकाचं. ते काही तुळशींच्या तेलातही असतं आणि दुकानात आंबा-पेरूसाठी जी ल्युअर, म्हणजे सापळ्यात ठेवायचं वासाचं आमिष, मिळते त्यातही तेच. लवंगेत मुख्यतः साधं युजेनॉल, त्याला नर तेवढे भुलत नाहीत.

म्हणून वास वापरायचाच तर सापळ्यात वापरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा चांगला आहे, एकरी चार-पाच, सावलीतल्या फांदीला, फळं पक्व व्हायच्या बरंच आधी टांगा. पण भरलेला सापळा बघून खूश होऊ नका हं, आतल्या माश्यांच्या शेपटीकडे बघा, सुईसारखं टोक एकीलाही दिसणार नाही. ते टोक मादीचं, आणि शेजारच्या बागेतून संग करून आलेली मादी तुमच्या फळाला डंख मारायला मोकळीच असते.

तिच्यासाठी खरा इलाज पिशवीच. फळ लिंबाएवढं झालं की फोमची जाळी आणि वर पिशवी, मजुरी लागते पण मालाला भावही मिळतो. पडलेली फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरा, बांधावर फेकू नका, अळी फळातून निघून मातीतच कोषात जाते आणि तिथूनच पुढची पिढी निघते.

आणि शेजारी कारल्या-दोडक्याचा मांडव असेल तर तिथली माशी वेगळी, ती या ल्युअरला येत नाही, तिथं क्यू ल्युअर लावायची. दुकानदाराला पीक सांगूनच घ्या, नाहीतर तो हाताला लागेल ती देतो.