नवा रेडिएटर आतून धुताना

प्रश्न : संगणकासाठी पाण्याची शीतकरण व्यवस्था मी प्रथमच स्वतः जोडत आहे. त्यासाठी ३६० मिलिमीटरचा तांब्याचा कोरा रेडिएटर आणला असून तो कानाशी हलवला की आत काहीतरी बारीक खुळखुळते. कोरी वस्तू धुण्याची खरोखरच गरज असते का? एका मित्राने व्हिनेगर सुचवले आहे, तर घरी सर्वांचे म्हणणे आहे की तांबे चिंचेने किंवा लिंबानेच लख्ख होते. नेमके काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : गरज असते, आणि आपल्याला ऐकू येणारी खुळखुळ हेच तिचे कारण आहे. अशा रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या टाक्या बहुधा पितळेच्या असतात, त्यांच्यामध्ये चपट्या नळ्यांची रांग असते आणि नळ्यांच्या बाहेरून तांब्याच्या पातळ पत्र्याच्या घड्या बसवलेल्या असतात. हे सर्व सोल्डरने, म्हणजे आपल्याकडे ज्याला डाख म्हणतात त्याने, जोडले जाते. डाख नीट धरावा म्हणून धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारा फ्लक्स आधी लावावा लागतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाने फिरवतो, तेव्हा तो नवसागर हेच काम करत असतो. रेडिएटरसाठी वापरला जाणारा फ्लक्सही बहुधा त्याच कुळातला, जस्ताचा क्लोराइड आणि नवसागर यांसारख्या क्षारांचा असतो. कल्हईचे भांडे उघडे असल्याने लगेच पाण्यात बुडवून धुता येते. रेडिएटरच्या नळ्यांत मात्र उरलेला फ्लक्स, सोल्डरचे मोहरीहून लहान गोळे, आटे पाडताना पडलेला कीस आणि आट्यांवरचे रंगाचे कपचे अडकून राहू शकतात.

या कचऱ्याचा त्रास रेडिएटरला कमी आणि बाकीच्या भागांना अधिक होतो. प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकमध्ये तांब्याचे अतिशय बारीक पडदे कोरलेले असतात आणि दोन पडद्यांमधली फट मिलिमीटरच्याही काही अंशांइतकीच असते. रेडिएटरच्या नळीतून सहज निघून जाणारा कण तेथे हमखास अडकतो आणि त्याच्यामागे दुसरे कण साचत जातात. पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी असते, त्यामुळे धातूचा कीस तेथेही घातक ठरतो. फ्लक्सचे क्षार पाण्यात उतरले की कूलंटचा, म्हणजे व्यवस्थेत फिरणाऱ्या शीतक द्रवाचा, रंग बदलतो, त्यातील गंजरोधक द्रव्यांवर परिणाम होतो आणि दुधाळ रंगाच्या कूलंटमध्ये तर रंगाचे कण सुटे होऊन तळाशी बसतात. माझ्या पहिल्या जोडणीत मी रेडिएटर नळाच्या पाण्याने केवळ एकदा विसळून बसवला होता. काही आठवड्यांतच पाणी गढूळ हिरवट झाले आणि ब्लॉक उघडून जुन्या टूथब्रशने एकेक फट मोकळी करण्यात माझा पूर्ण रविवार गेला. तेव्हापासून हे काम मी कधीही टाळलेले नाही.

प्रथम रेडिएटरसोबतची सूचनापत्रिका वाचावी. काही उत्पादक आम्लाचा वापर स्पष्टपणे निषिद्ध ठरवतात आणि तसे असल्यास तोच शब्द अखेरचा मानावा. त्यानंतर गीझरचे गरम पाणी, दोन बादल्या, पांढऱ्या तळाचे एखादे पसरट भांडे आणि कॉफी गाळण्याचे कागद जमवावेत. कागद नसल्यास स्वच्छ पांढऱ्या मलमलीची दुहेरी घडी चालते. यांतील काहीही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, कारण सोल्डरमध्ये शिसे असू शकते. हातमोजे घालावेत आणि काम न्हाणीघरात किंवा गॅलरीत करावे.

रेडिएटर निम्मा गरम पाण्याने भरून तोंडे टोपणांनी बंद करावीत आणि एक-दोन मिनिटे सर्व बाजूंनी जोरात हलवावा. पूर्ण भरल्यास आत पाणी खळबळत नाही आणि कण सुटत नाहीत, म्हणून निम्माच भरावा. गरम पाण्याने आतली हवा फुगत असल्याने टोपण सावकाश सैल करावे. पाणी ओतताना बहुतेक जणांची एक चूक होते. अशा बहुतेक रेडिएटरमध्ये दोन्ही तोंडे एकाच टाकीवर असतात. पाणी अर्ध्या नळ्यांतून पलीकडच्या टाकीत जाते आणि उरलेल्या अर्ध्या नळ्यांतून परत येते. त्यामुळे जड कण त्या पलीकडच्या टाकीत जाऊन बसतात आणि रेडिएटर आडवा धरून ओतल्यास तेथेच राहतात. तोंडे खाली येतील असा तो उभा धरावा, वरच्या टाकीवर तळहाताने थापट्या माराव्यात आणि पाणी कागदातून गाळून भांड्यात पडू द्यावे. पुढच्या वेळी दुसऱ्या तोंडातून भरावे. हे किती वेळा करावे याचा ठरावीक आकडा मी मुद्दाम देत नाही. मला चार वेळांत स्वच्छ झालेले रेडिएटर मिळाले आहेत आणि पंधरा वेळा विसळूनही कण सोडणारे मिळाले आहेत. सलग तीन वेळा कागद कोरा राहिला, पाणी निळसर किंवा गढूळ दिसले नाही आणि खुळखुळ थांबली, की गाळ गेला असे समजावे.

बहुतेक वेळा एवढे पुरते. जस्ताच्या क्लोराइडचे काही अवशेष मात्र भरपूर पाण्याशी संयोग होऊन न विरघळणाऱ्या पांढुरक्या रूपात बदलतात आणि त्यांना सौम्य आम्ल लागते. आपल्या मित्राच्या सल्ल्यात तेवढे तथ्य आहे. उत्पादकाची हरकत नसल्यास एक भाग साधे पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग गरम पाणी घ्यावे, दहा ते पंधरा मिनिटे अधूनमधून हलवावे आणि लगेच ओतून टाकावे. रात्रभर ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये. निघणारे पाणी निळे-हिरवे झाले, याचा अर्थ मळ नव्हे तर तांबेच विरघळू लागले आहे, आणि व्हिनेगर शिशालाही खाते व त्यातून विषारी क्षार तयार होतो. याच कामासाठी फॉस्फोरिक आम्लाची तयार द्रावणेही विकत मिळतात. ती परिणामकारक असली तरी डोळ्यांना संरक्षक चष्मा लावल्याशिवाय हाताळू नयेत. आम्ल मारण्यासाठी रेडिएटरमध्येच खाण्याचा सोडा घालून टोपण लावणे धोक्याचे आहे, कारण निर्माण होणाऱ्या वायूचा दाब आत कोंडतो. भरपूर पाण्याने विसळत राहावे आणि पी.एच. मोजण्याच्या कागदी पट्टीवर निघणाऱ्या पाण्याचा रंग नळाच्या पाण्यासारखाच आला, की थांबावे.

चिंच आणि लिंबू यांच्याबाबत घरच्यांचे म्हणणे भांड्यांपुरते अगदी बरोबर आहे. परंतु भांड्यावरून चोथा धुऊन निघतो, तर नळ्यांत तो अडकून राहतो आणि त्यातील साखर व गर शेवाळाला व जंतूंना खाद्य पुरवतात. भांडी घासण्याची पावडर, संडास स्वच्छ करण्याचे तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोडा यांपैकी काहीही आत जाता कामा नये. भांड्यांच्या साबणाचा फेस काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून तोही टाळलेला बरा.

प्रश्न : शेवटी विसळण्यासाठी घरच्या आर.ओ. यंत्राचे पाणी चालेल का? आमच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सुरुवातीच्या धुण्याला बोअरवेलचे पाणीही चालते, शेवटच्या दोन-तीन वेळा मात्र डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. पिण्याच्या आर.ओ. पाण्यात चवीसाठी बरेचदा काही क्षार राखलेले असतात आणि आपल्याकडे टी.डी.एस. मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, असल्यास हे सहज पाहता येईल : चांगल्या डिस्टिल्ड पाण्याचा आकडा शून्याच्या अगदी जवळ असतो. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी घेताना बाटलीवर ते डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित असल्याचे लिहिले आहे ना, हे पाहावे, कारण त्याच फळीवर बॅटरीचे आम्लही ठेवलेले असते. या मीटरचा आणखी एक उपयोग आहे. रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने भरून काही तास ठेवावा आणि मग तेच पाणी मोजावे. आकडा लक्षणीय वाढला असेल, तर क्षार अजून सुटत आहेत. मात्र हा मीटर केवळ विरघळलेले क्षार दाखवतो, कण किंवा तेल दाखवत नाही, म्हणून गाळण्याचा कागद सोडू नये.

सर्व जोडणी झाल्यावर कूलंट भरण्यापूर्वी डिस्टिल्ड पाणी घालून, मदरबोर्डला वीज न देता केवळ पंप एक दिवस चालवावा, ते पाणी गाळून पाहावे आणि मगच कूलंट भरावे.

प्रश्न : माझ्याकडे कारखान्यातच भरून सीलबंद केलेला कूलर आहे. त्याचा रेडिएटर उघडून धुवावा का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : धुऊ नये. अशा कूलरचा रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक तांब्याचा असतो. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि ती झीज आतील द्रवातल्या गंजरोधकांनी रोखून धरलेली असते. तो द्रव काढून आपण साधे पाणी भरल्यास ते संरक्षण जाते. व्हिनेगरसारखे आम्ल तर ॲल्युमिनियमच्या जवळही नेऊ नये. बाहेरची धूळ मऊ ब्रशने काढावी आणि आत हात घालू नये.