प्रोजेक्ट अपुरा राहण्याची भीती वाटते तेव्हा

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे. यंत्राच्या कंपनांवरून बेअरिंग किती दिवस टिकेल, याचा अंदाज देणारी यंत्रणा तयार करणे हा आमचा प्रोजेक्ट आहे. गटातील एकमेव सहकाऱ्याने काम मध्येच सोडले. आमचा सेन्सर सेकंदाला फक्त १०० नोंदी घेतो आणि त्या डेटातून काहीच निष्पन्न होत नाही, हे फार उशिरा लक्षात आले. सबमिशनला सात आठवडे उरले आहेत. दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे गेल्या दीड महिन्यात गाइडना भेटण्याचे धाडस झाले नाही. मी नापास होईन का? प्रोजेक्ट पुन्हा करावा लागला तर नोकरीचे काय? तयार प्रोजेक्ट विकत घ्यावा का, असाही विचार मनात येतो.

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती गाइडना न भेटता गेलेल्या दीड महिन्याची. बिघडलेल्या डेटावर उपाय आहे. पण विषयाची व्याप्ती कमी करण्यास मान्यता देणे, सहकारी सोडून गेल्याची नोंद करणे, गरज पडल्यास मुदतवाढीची शिफारस करणे ही कामे गाइडच करू शकतात आणि त्यांपैकी बहुतेक मुदत संपण्यापूर्वीच व्हावी लागतात. म्हणून आजच त्यांना एक छोटा ईमेल लिहा. काय ठरले होते, काय झाले, कुठे अडले आणि उरलेल्या वेळात काय करता येईल असे तुम्हाला वाटते, एवढेच त्यात असू द्या आणि भेटीसाठी वीस मिनिटे मागा. दीर्घ क्षमायाचना नको. तिने वाचणाऱ्याचा वेळ जातो आणि लिहिणाऱ्याचे धैर्य खचते.

त्या भेटीत गुणांची विभागणी कशी आहे हे आवर्जून विचारा. यंत्रणा पूर्ण चालते की नाही यालाच सगळे गुण असतात, असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात विषयाची मांडणी, आधीच्या कामाचा अभ्यास, पद्धत, निष्कर्षांची चिकित्सा, रिपोर्ट आणि व्हायवा या सर्वांचा त्यात वाटा असतो. अपुरे राहिलेले पण नीट समजावून सांगितलेले काम आणि रिपोर्टच न दिलेले काम यांत परीक्षकांच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते.

तुमचा डेटा का निरुपयोगी ठरला, हाच रिपोर्टमधील एक भक्कम भाग होऊ शकतो. सेकंदाला १०० नोंदी घेतल्या, तर ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, वरचे कोणतेही कंपन त्यांत खरेपणाने उमटत नाही. मिनिटाला १८०० फेरे घेणाऱ्या शाफ्टची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या दांड्याची) फिरण्याची वारंवारताच ३० हर्ट्झ असते आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यातील दोषाचे ठोके सहसा तिच्या काही पट वारंवारतेने पडतात. म्हणजे जे शोधायचे होते, ते तुमच्या सेन्सरला दिसणे शक्यच नव्हते. हे गणितासह मांडा. त्यानंतर अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने सर्वांसाठी खुला ठेवलेला बेअरिंगचा डेटा वापरा. त्यात सेकंदाला १२,००० आणि ४८,००० नोंदी आहेत. आयुर्मानाचा अंदाज सोडून द्या आणि निर्दोष व सदोष बेअरिंग वेगळे ओळखणे एवढेच उद्दिष्ट ठेवा. एक सावधगिरी मात्र बाळगा : दोष ओळखणाऱ्या संगणकीय मॉडेलला शिकवताना आणि त्याची चाचणी घेतानाही एकाच सलग मोजणीचे तुकडे वापरले गेले, तर अचूकता फसवी वाढते. ९९ टक्के आकडा आल्यास हुरळून न जाता प्रथम हे तपासा, कारण जाणकार परीक्षक नेमके तेच विचारतात.

वेळापत्रक आखताना स्वतःच्या अंदाजावर पूर्ण विसंबू नका. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात, अंतिम प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज केला होता आणि प्रत्यक्षात त्यांना सुमारे ५५ दिवस लागले. या हिशोबाने तुमच्या सात आठवड्यांत जेमतेम सव्वाचार आठवड्यांचे काम बसते. तेवढेच ठरवा, आणि रिपोर्टचे लेखन शेवटच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता सेन्सरच्या प्रकरणापासून याच आठवड्यात सुरू करा.

तयार प्रोजेक्टचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्या. हा निर्णय का घेतला, प्रोग्रॅममधील ही ओळ काढली तर काय होईल, अशा दोन प्रश्नांत व्हायवामध्ये ते उघड होते. अपुऱ्या कामाची परिणती फार तर पुन्हा काम करण्यात होते. फसवणुकीची चौकशी आणि शिक्षा हे त्याहून कितीतरी जड प्रकरण आहे.

इतके करूनही प्रोजेक्ट पुन्हा करावा लागला, तर त्रास होईल हे मी नाकारत नाही. पदवी लांबेल आणि कदाचित शुल्कही पुन्हा भरावे लागेल. परंतु अनेकदा तोच विषय पुढे नेण्याची परवानगी मिळते आणि तुमचे आताचे काम वाया जात नाही. नोकरीचे पत्र हाती असेल, तर ते पदवीच्या तारखेला बांधलेले आहे का हे वाचा आणि विलंबाची शक्यता दिसताच, निकालाची वाट न पाहता, कंपनीला लेखी कळवा. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणे तेव्हा सोपे असते. पुढे मुलाखतीत याविषयी विचारले गेले, तर सेन्सरची निवड कुठे चुकली आणि ती चूक तुम्ही कशी शोधली, हे सरळ सांगा. मुलाखत घेणाऱ्या अभियंत्याला त्या उत्तरातून तुमच्याविषयी पुष्कळ कळेल.

घरच्यांना अद्याप सांगितले नसेल, तर गाइडची भेट झाल्यावर त्याच दिवशी सांगा. तोवर तुमच्या हाती नवी योजनाही असेल. झोप आणि भूक उडाली असेल, तर महाविद्यालयाच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा, सबमिशन होईपर्यंत थांबू नका. गाइडकडून दोन दिवसांत उत्तर न आल्यास, त्यांच्या भेटीच्या वेळेत प्रत्यक्ष जा आणि सेन्सरच्या प्रकरणाची लिहिलेली पाने, कितीही कच्ची असली तरी, सोबत न्या.