बाबांच्या पार्किन्सनसाठी कोएन्झाइम क्यू-१० सुरू करावं का?

नागपुरात सीताबर्डीच्या औषध दुकानात 'पेशींची ऊर्जा वाढते' म्हणून सुचवलेल्या या महाग गोळ्या पार्किन्सनसाठी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्पना निराधार नाही. क्यू-१० हा पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतलाच एक पदार्थ आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार होते तिथेच, बिघाड दिसतो. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात एमपीटीपी हे रसायन नशेतून शरीरात गेलेल्या तरुणांना पार्किन्सनसारखी लक्षणं आली. ते याच ऊर्जासाखळीची पहिली कडी बंद पाडतं.

पण उत्तर अमेरिकेतल्या ६०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत रोज १२०० किंवा २४०० मिलिग्रॅम क्यू-१० देऊन पाहिलं. काहीच फायदा दिसला नाही, चाचणी मध्येच थांबवली. क्रिएटिन या ऊर्जेसाठीच्या दुसऱ्या पूरकाचंही तेच झालं. लक्षणं दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, हे त्यामागचं एक कारण असावं.

बाबा वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेत असतील तर क्यू-१० त्याचा परिणाम कमी करू शकतं, तेव्हा न्यूरोलॉजिस्टना आधी विचारा. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनचं मुख्य औषध, वेळेवर द्या. आणि रोज चालवा, अंबाझरी तलावावर सोबत न्या. व्यायामाने स्नायूंमधले मायटोकॉन्ड्रिया खरंच वाढतात. फक्त मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी परता.