मोत, मोट आणि गढी

प्रश्न असा आहे: फ्रान्समधल्या ‘ला मोत-शांदनिए’ या पडक्या शातोला मराठीत किल्ला म्हणावं, राजवाडा की हवेली?

किल्ला तर मुळीच नको. भिंतींतून झाडं उगवलेल्या त्या वास्तूची छायाचित्रं फिरायला लागल्यापासून ‘पाण्यातला भुताचा किल्ला’ ऐकून कान किटले आहेत. आज दिसतं ते 19व्या शतकात जुन्या गॉथिक थाटात हौसेनं उभारलेलं राहतं घर. 1932च्या आगीत छपरं आणि ग्रंथालय गेलं, मग आत रान माजलं. ‘शातो’ लॅटिन ‘कास्तेल्लुम’वरून, म्हणजे छोटा कोट, हे कुठल्याही कोशात मिळेल. फ्रान्समध्ये जमीनदाराच्या मोठ्या घरालाही शातोच म्हणतात, त्यामुळे तिथे अडकण्यात अर्थ नाही.

खरा शब्द ‘मोत’! 13व्या शतकात इथे बोसे घराणं होतं, तेव्हा हे ‘मोत बोसे’. घराणी बदलली, जोडनाव बदललं. 2017मध्ये पंचवीस हजारांहून जास्त लोकांनी वर्गणी काढून हे शातो विकत घेतलं, तरी मोत जागेवरच आहे. मोत म्हणजे मातीचा उंचवटा. भोवती चर खणायचा, निघालेली माती मधोमध रचायची, वर लाकडी बुरूज. ढीग आणि चर एकाच फावड्याचे. नॉर्मन लोकांच्या इंग्लंडवरच्या स्वारीचं चित्रण असलेल्या, फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पटात इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला असा ढीग रचताना दाखवला आहे आणि वरच्या लॅटिन ओळीत ‘कास्तेल्लुम खणण्याचा’ हुकूम आहे. कोट बांधायचा नाही, खणायचा! म्हणूनच ‘मोत’ हाच शब्द इंग्रजीत गेल्यावर ढीग सोडून खड्ड्याला चिकटला आणि ‘मोट’ म्हणजे खंदक झाला. आपला खंदकही अरबीतून आला असला तरी मुळात फारसी ‘कंदन’, म्हणजे खणणे, यातलाच.

आता आपल्याकडे मातीच्या उंचवट्यावर पाटलाचा, देशमुखाचा वाडा असेल तर त्याला काय म्हणतात? गढी. मराठवाड्यात, सोलापूरकडे अशा गढ्या ढासळून पांढऱ्या मातीचे ढिगारे झाले आहेत आणि माळवदावर पसरायला लोक तिथली माती उकरून नेत आले. मोत आणि गढी यांचं व्युत्पत्तीचं नातं नाही, पण अर्थाचं इतकं घट्ट आहे की मला दुसरा शब्द सुचतच नाही. ‘गढी म्हणजे लहान किल्ला’ म्हणून थांबणाऱ्या कोशकारांनी पायाखालची माती पाहिलेलीच नाही.

आणि इंग्रजी ‘मोट’ व आपली विहिरीवरची मोट एकच, असं सांगणारे काही जाणकार आहेत. दोन्हीकडे पाणी आहे, एवढाच त्यांचा पुरावा. तो टिकत नाही, कारण फ्रेंच शब्दात मुळात पाणी नव्हतंच, माती होती. आपली मोट म्हणजे चामड्याची पखाल, नाहीतर बांधलेलं गाठोडं. तिच्यात ढीगही नाही आणि खड्डाही नाही.