जर्मनीत टॉरंटसाठी भरवशाचं व्हीपीएन कसं निवडावं?

प्रश्न : मास्टर्ससाठी पुण्याहून जर्मनीत आलो आहे. लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली), इंटरनेट आर्काइव्हचे संग्रह वगैरे टॉरंटने उतरवतो आणि नंतर सीडही करतो, म्हणजे इतरांना देत राहतो. इथे टॉरंट लावलं की वकिलाचं पत्र येतं असं सगळे घाबरवतात. कोणतं व्हीपीएन घ्यावं? दोन-तीन वर्षांची स्वस्त ऑफर घेऊ का? सुट्टीत भारतात आलो तरी तेच चालेल ना?

उत्तर :

पत्राची गोष्ट खरी आहे, पण ते टॉरंट लावलं म्हणून येत नाही. कुणाचा तरी हक्क असलेला सिनेमा, मालिका किंवा गेम टॉरंटवर उतरवला म्हणून येतं. टॉरंटमध्ये तुम्ही उतरवता-उतरवता तेच तुकडे इतरांना देतही असता, आणि हे देणं म्हणजे वितरण. हक्कधारकांनी नेमलेली मंडळी त्याच घोळक्यात, म्हणजे स्वॉर्ममध्ये शिरतात, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि वेळ टिपून ठेवतात, न्यायालयामार्फत इंटरनेट कंपनीकडून नाव काढतात आणि वकिलाकरवी ‘आबमानुंग’, म्हणजे कायदेशीर ताकीद आणि पैशांची मागणी, धाडतात. मागणी सहज काही शे युरोंची असते. पत्र कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला जातं, त्यामुळे शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये एकाचं केलेलं दुसऱ्याला निस्तरावं लागतं. उबुंटू किंवा डेबियनसारखं मोफत लिनक्स उतरवणाऱ्याला यातलं काहीच होत नाही. आणि व्हीपीएन लावलं म्हणून चोरीचा सिनेमा कायदेशीर होत नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

मग तुम्हाला व्हीपीएन, म्हणजे तुमची वाहतूक बोगद्यातून नेल्यासारखी आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, कशाला? दोन कारणं आहेत. स्वॉर्ममधल्या कुणालाही तुमचा घरचा आयपी दिसतो, हे एक. दुसरं, जर्मनीत केबलच्या बऱ्याच कनेक्शनांवर डीएस-लाइट असतं. म्हणजे आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचा) पत्ता तुमच्या एकट्याचा नसतो, आणि त्यावर बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. सीडिंग रडतं ते इथे.

आता कंपनी. ‘आम्ही लॉग (वापराच्या नोंदी) ठेवत नाही’ हे वाक्य प्रत्येकाच्या संकेतस्थळावर असतं, त्याची किंमत शून्य धरा. पाहायचं ते एवढंच, की कुणी जबरदस्तीने मागितलं तेव्हा कंपनीकडे द्यायला काही निघालं का. मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गमधल्या कार्यालयात 18 एप्रिल 2023 ला स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन आले आणि रिकाम्या हाताने परत गेले. प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेसकडे अमेरिकेत खटल्यांमध्ये माहिती मागितली गेली, द्यायला काही नव्हतं. उलट बाजूला, आयपीव्हॅनिशने 2016 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेला लॉग दिले होते, हे 2018 मध्ये कागदपत्रांतून बाहेर आलं (मालकी तोवर बदलली होती). 2017 च्या एका खटल्यात प्युअरव्हीपीएनच्या नोंदींवरून एफबीआयने माणूस शोधला. जाहिरात तेव्हाही ‘नो लॉग’चीच होती.

‘टॉप 10 व्हीपीएन’च्या याद्या वाचून निर्णय घेऊ नका. बहुतेक याद्या कमिशनवर चालतात. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे एक्सप्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट आणि वर उल्लेखलेली प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस आहे, आणि 2021 मध्ये तिने व्हीपीएनची परीक्षणं छापणारी संकेतस्थळंही विकत घेतली. म्हणजे परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरातले.

टॉरंटसाठीची खरी चाळणी मात्र वेगळीच आहे : पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे व्हीपीएनच्या सर्व्हरवर एक दार (पोर्ट) उघडून बाहेरून आलेली जोडणी तुमच्यापर्यंत पोचवणं. दोन्ही टोकांना बाहेरून जोडणी घेता येत नसेल तर ते दोघे एकमेकांना सहसा भेटतच नाहीत. हजार सीडर असलेल्या उबुंटूला याने काही फरक पडत नाही. पण आर्काइव्हवरचा जुना संग्रह, ज्याला दोनच सीडर आहेत, तो तुमच्याकडे आणि त्या दोघांकडेही पोर्ट उघडं नसेल तर 0 वर बसून राहू शकतो. मुलवाडने ही सोय 1 जुलै 2023 ला बंद केली, आयव्हीपीएननेही त्याच वर्षी काढली. नॉर्डव्हीपीएनमध्ये ती नाही. प्रोटॉन व्हीपीएनच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेत आहे, एअरव्हीपीएनमध्ये आहे, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेसमध्येही आहे, फक्त त्यांच्या अमेरिकेतल्या सर्व्हरवर नाही.

तुम्ही सीड करता, त्यामुळे माझं मत प्रोटॉन किंवा एअरव्हीपीएन. एअरव्हीपीएनचं अ‍ॅप दिसायला ओबडधोबड आहे, पण पोर्ट एकदा खात्यात राखून ठेवलं की तेच राहतं. प्रोटॉनमध्ये जोडणी तुटून पुन्हा लागली की पोर्ट बदलू शकतं, मग नवा आकडा क्यूबिटटॉरंट या टॉरंट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये भरावा लागतो. नुसतं उतरवायचं असेल तर मुलवाड उत्तम : ईमेलसुद्धा मागत नाहीत, फक्त खाते क्रमांक, आणि महिन्याला सरळ 5 युरो, कितीही महिने घ्या. फुकटच्या भानगडीत पडू नका. प्रोटॉनची मोफत योजना चांगली आहे, पण तिच्यावर टॉरंट चालत नाही. तीन वर्षांची ऑफरही नको. मुलवाड आणि आयव्हीपीएनने पोर्टची सोय काढली तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्यांच्या हाती काय राहिलं असेल, बघा. आधी एक महिना.

कंपनी निवडली तरी निम्मं काम बाकी असतं. व्हीपीएन मध्येच तुटलं, लॅपटॉप झोपेतून उठला, तर त्या काही सेकंदांत टॉरंट घरच्या आयपीवरून सुरू होतं. अ‍ॅपमधला किल स्विच (व्हीपीएन तुटताच इंटरनेट अडवणारी सोय) चालू ठेवाच, पण विसंबायचं ते क्यूबिटटॉरंटवर. त्यात टूल्स, मग ऑप्शन्स (काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेस), मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडा. ‘नेटवर्क इंटरफेस’समोर ‘एनी इंटरफेस’ असतं. तिथे व्हीपीएनचं अडॅप्टर निवडा. व्हीपीएन आधी जोडलेलं हवं, नाहीतर ते यादीत दिसणार नाही. लिनक्सवर बहुधा wg0 किंवा tun0 असं नाव असतं, विंडोजवर बहुधा कंपनीचंच. अ‍ॅप्लाय करून क्यूबिटटॉरंट पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचा पत्ता) ची गळतीही याच बांधणीने थांबते. व्हीपीएन फक्त आयपीव्ही4 सांभाळत असेल तर न बांधलेला क्लायंट आयपीव्ही6 वरून खुशाल बाहेर जातो, आणि डीएस-लाइटवर तर आयपीव्ही6 असतंच.

त्यानंतर ‘कनेक्शन’मध्ये कंपनीने दिलेला पोर्ट भरा आणि यूपीएनपीची (राउटरवर आपोआप पोर्ट उघडणारी सोय) खूण काढा. राउटरवर पोर्ट उघडायचं नाही! जोडणी बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला येणार आहे, घरच्या राउटरला तिचा पत्ताही नसतो. टॉरंट चालू असताना खालच्या पट्टीत पिवळी ज्वाला दिसली तर पोर्ट लागलेलं नाही, हिरवं चिन्ह आलं की लागलं.

चाचणी दोन मिनिटांची आहे. आयपीलीक डॉट नेटवर टॉरंटची चाचणी करणारी मॅग्नेट लिंक मिळते. ती क्यूबिटटॉरंटमध्ये टाका आणि पानावर कोणता आयपी उमटतो ते बघा. मग डेबियनचं टॉरंट चालू असताना व्हीपीएन हाताने तोडा. वेग 0 वर येऊन तिथेच थांबला पाहिजे. पुन्हा चढला तर बांधणी झालेली नाही.

लोक चुकतात ते बहुधा इथे : ब्राउझरचं एक्स्टेन्शन लावतात आणि व्हीपीएन झालं समजतात. ते फक्त ब्राउझरपुरतं असतं, टॉरंट त्यातून जातच नाही. क्यूबिटटॉरंटचा ‘अ‍ॅनॉनिमस मोड’ही आयपी लपवत नाही.

वेग मिळत नसेल तर व्हीपीएनचा प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) वायरगार्ड आहे ना बघा, आणि सर्व्हर नेदरलँड्स किंवा स्वित्झर्लंडसारखा जवळचा घ्या. अपलोडला लगाम घाला : 10 एमबीपीएस अपलोडच्या लाइनवर साधारण 950 केआयबी प्रतिसेकंद, नाहीतर अपलोड तुंबून डाउनलोडही मरतं. व्हीपीएन जोडलेलं दिसतंय पण काही पानं अर्धीच उघडतात, असं झालं तर संशय एमटीयूवर (एका वेळी पाठवायच्या पॅकेटचा कमाल आकार) घ्या. वायरगार्डचा नेहमीचा आकडा 1420 असतो. डीएस-लाइटच्या लाइनवर तो मोठा पडू शकतो. 1380 करून बघा, तरी अडलं तर 1280.

भारतात व्हीपीएन वापरायला बंदी नाही. पण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवणं बंधनकारक केलं, आणि प्रोटॉन, नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. अ‍ॅपमध्ये ‘इंडिया’ दिसलं तरी ते यंत्र प्रत्यक्षात सिंगापूरला वगैरे असू शकतं. पुण्याहून थेट सिंगापूरचाच सर्व्हर निवडा. घरी जिओ किंवा एअरटेलचं फायबर असेल तर तिथेही आयपीव्ही4 पत्ता बहुधा सामाईकच असतो, तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंग तिथेही कामी येईल. फक्त प्रोटॉन असेल तर सर्व्हर बदलला की नवा पोर्ट भरायला विसरू नका.