आधी बाटली समजून घे, मग यंत्र बनव

प्रश्न: मी लातूरला इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीला सेप्सिस (जंतुसंसर्गातून शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड) झाला तेव्हा तालुक्याला ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीची, सोय नव्हती. या चाचणीचं यंत्र स्वस्तात बनवायचं मनात आहे. सेन्सर, सर्किट मला जमतं. घरचे म्हणतात, आयटीतली नोकरी धर. काय करू?

उत्तर: नोकरीचं नंतर बघू. आधी यंत्राकडे वळू, कारण तुझी वाट त्यावरूनच ठरेल.

मोठ्या रुग्णालयातल्या ऑटोमेटेड यंत्रात रक्ताची बाटली 35 ते 37 अंशांवर ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. काही कंपन्यांच्या बाटलीत त्याने तळाच्या चकतीचा रंग बदलतो आणि खालचे एलईडी-फोटोडायोड तो बदल टिपतात. एवढं तुला खरंच जमेल.

अडचण पुढे आहे. मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात बरेचदा एकही जिवंत जंतू सापडत नाही. म्हणून एका बाटलीला 8 ते 10 मिलिलिटर रक्त लागतं आणि जंतू वाढेपर्यंत थांबावं लागतं. थेंबभर रक्तावर पाच मिनिटांत निदान करायचे बेत इथेच अडतात. रक्त काढताना त्वचा नीट पुसली नाही, तर त्वचेवरचेच जंतू वाढतात आणि यंत्र पॉझिटिव्ह दाखवतं. आधीच अँटिबायोटिक सुरू असेल, तर जंतू वाढतीलच याची खात्री नाही. शिवाय यंत्र एकदा घेतलं की झालं, पण बाटल्या कायम लागतात, त्याही बहुधा त्याच कंपनीच्या. गरीब दवाखान्याचं कंबरडं तिथे मोडतं. स्वस्त करायची ती बाटली, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो. मे महिन्यात तुमच्याकडे खोलीतच पारा 40 च्या आसपास गेला, तर 37 अंश राखायला तो थंड कोण करणार? वर लोडशेडिंग. हे प्रश्न हातात घेणारा इंजिनिअर मराठवाड्यातलाच हवा.

म्हणून या सुट्टीत प्राचार्यांचं पत्र घेऊन जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागप्रमुखांना भेट आणि महिना-दोन महिने तिथे बसू द्या म्हणून विनंती कर. तंत्रज्ञ बाटली उजेडाला धरून गढूळपणा, बुडबुडे कसे बघतात ते शिकून घे. कोणता जंतू, त्यावर कोणतं औषध चालेल, हे पुढचं कामही बघ.

मग एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा दे. 2020 पासून त्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचाही पेपर आहे. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून उपकरणं घडवतात. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात आहेत. कल्पना पक्की झाली की बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘बिग’ योजनेत 50 लाखांपर्यंत अनुदानासाठी अर्ज करता येतो. कंपनीची घाई मात्र नको. 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांप्रमाणे चाचण्या आणि परवाने घेण्यातच वर्षं जातात.

घरच्यांची काळजी रास्त आहे. त्यांना सांग, नोकरी करेन, पण वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत. सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलास तरी यंत्रं कुठे आणि का बंद पडतात, ते पगार घेऊन शिकशील.