मुलगी बॉलरूम नृत्याच्या स्पर्धा करते. अमेरिकेत कॉलेज कसं निवडावं?

आधी तिचा अभ्यासाचा विषय पक्का करा, मग जोडीदार आणि चांगला प्रशिक्षक तासाभराच्या अंतरात मिळेल अशा शहरातलं कॉलेज घ्या; कॉलेजच्या डान्स क्लबवर भिस्त ठेवू नका. बॉलरूम एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना) खेळांमध्ये नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब असतो. तिथले वर्ग मुख्यतः न्यूकमर आणि ब्राँझ या सुरुवातीच्या पातळ्यांवाल्यांसाठी. लहानपणापासून स्पर्धा करणारी मुलगी तिथे शिकण्यापेक्षा शिकवतच राहते. कॉलेज बघायला जाल तेव्हा क्लबच्या एखाद्या सरावाला बसा आणि तिच्या पातळीचे लीड (जोडीत पुढाकार घेऊन नाचवणारे, बहुधा मुलगे) किती आहेत ते मोजा. मुलगे बहुधा कमीच पडतात. असलेला लीड शेवटच्या वर्षात असेल, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा एकटी. सरावाची जमीनही बघा: लाकडी हवी. रबरावर स्वेडच्या (मऊ, खरखरीत चामड्याच्या) तळाचा बूट फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. क्लबच्या या चित्राला अपवाद युटा राज्याचा. प्रोव्होचं ब्रिगहॅम यंग आणि ओरेमचं युटा व्हॅली या विद्यापीठांत बॉलरूम अभ्यासक्रमातच आहे. ब्रिगहॅम यंग मात्र मॉर्मन चर्चचं आहे: चहा-कॉफी बंद, आचारसंहिता कडक आणि चर्चबाहेरच्यांना फी जास्त.